शाळेच्या वाटेचा राखणदार कोण?

१८४८ साली पुण्यातील भिडेवाड्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीमाईंवर सनातन्यांनी शेण आणि चिखल फेकला. बहुजनांच्या लेकींचे शिक्षण हाणून पाडायचे असेल तर शाळेची वाट अडवली की पुरे, हे त्यांना नेमके कळले होते. माई जास्तीचे लुगडे सोबत नेत. पण त्यांनी वाट सोडली नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर ती वाट आपल्या मुलींसाठी मोकळी झाली आहे काय?

वर्धा जिल्ह्यात सकाळी दहा वाजता गावाच्या वेशीवर उभे राहून पाहा. शाळा गावात, वस्ती गावाबाहेर आणि मधे नाला. वेणा, धाम, यशोदा फुगल्या की नालेही भरतात आणि पोरं घरी बसतात. महामार्गालगतच्या गावांत मुलांना भरधाव ट्रकांमधून रस्ता ओलांडावा लागतो. जिल्ह्यात दारूबंदी, तरी वाटेवर दारुड्यांची भीती. आईबाप तर सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला केव्हाच निघून गेलेले. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण जिथे एसटीच पोहोचत नाही, तिथे त्या पासाचे काय करायचे?

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नांदोरी चौकात, महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर सकाळी पेटवून देण्यात आले. १० फेब्रुवारीला तिने प्राण सोडले. २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. पण अशा प्रत्येक घटनेनंतर घराघरांतून एकच सूर निघतो, ‘पोरीला कशाला पाठवता?’ गुन्हा दुसऱ्याचा आणि घरात कोंडायचे मात्र मुलीला! हा कुठला न्याय?

शिक्षण हा संविधानाच्या कलम २१-अ नुसार मूलभूत हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवून दिले. तरीही २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची योजना पुढे आणली. जवळची शाळा बंद झाली की कोणाची तरी वाट लांबते. ती बहुधा मजुराच्याच लेकराची असते.

म्हणून समाजाने आता वाटेवर उतरले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. ही समिती केवळ सह्यांपुरती ठेवू नका. पालकांनी एक दिवस मुलांसोबत शाळेपर्यंत चालावे, धोक्याच्या जागा लिहून काढाव्यात आणि ती यादी ग्रामसभेत ठेवून ठराव घ्यावा. जपानमध्ये अनेक ठिकाणी शेजारची मुले एकत्र जमून, मोठ्या मुलांच्या मागे शाळेत जातात आणि चौकात गावकरी उभे असतात. हे आपल्या वस्तीला अशक्य आहे काय? मोठी मुले, बचत गटातील बाया, घरी असणाऱ्या आज्या यांनी पाळी वाटून घेतली तर एकही मूल एकटे चालणार नाही. यात एक पथ्य मात्र पाळावे. ही सोबत मुलीला बळ देण्यासाठी असावी, तिच्यावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे.

समाज सोबत चालला म्हणून शासनाची सुटका होत नाही. नाल्यावरचा पूल, महामार्गावरची गतिरोधके, शाळेच्या वेळेची एसटी ही प्रशासनाचीच जबाबदारी आहे. ग्रामसभेचा ठराव हाती असेल तर जिल्हा परिषदेला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण विहारात सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालतो, भाषणे करतो. येत्या ३ जानेवारीला हार घालून झाल्यावर वस्तीतील सगळ्यांनी मुलांचा हात धरून शाळेपर्यंत चालत जावे. माई ज्या वाटेवर एकट्या चालल्या, त्या वाटेवर आपल्या लेकींना एकटे सोडू नका.