भूल एक, औषधे अनेक

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की ‘सर्जन कोण?’ हा पहिला प्रश्न. भूल कोण देणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक रोगी संध्याकाळी चहा मागतो की ओकाऱ्या काढीत पडतो, हे पुष्कळ अंशी भूलतज्ज्ञाच्या हाती असते.

१८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरचे प्रात्यक्षिक दाखविले. तेव्हापासून बरीच वर्षे झोप आणणे, वेदना थांबविणे, स्नायू सैल करणे, ही सारी कामे एकाच औषधाकडून करवून घेत. साहजिकच मात्रा जबर लागे. १९२६ साली अमेरिकेतील डॉ. लंडी यांनी ‘संतुलित भूल’ ही कल्पना मांडली: अनेक औषधे, पण प्रत्येकाची मात्रा थोडी. एकट्या तिखटावर का आमटी होते?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी १९९० साली प्रथम केली. छिद्रे लहान, पण त्रास अगदीच नाही असे नव्हे. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवितात. त्याने श्वासपटल दुखावते आणि कळ मात्र उठते खांद्यात! मळमळही पुष्कळांना होते, स्त्रियांना अधिक.

यावर तोड म्हणजे औषधांची जुळणी. झोपेला प्रोपोफॉल, छिद्रांपाशी बधिर करणारे इंजेक्शन, जोडीला पॅरासिटामॉल व सूज उतरविणारे वेदनाशामक. मग मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अफूच्या जातीची औषधे थोडीच लागतात. मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ वाढविणारी हीच मंडळी! ओकारीसाठी आरंभी डेक्सामेथासोन, अखेरीस ऑनडॅनसेट्रॉन. दोघांचे मिळून एकट्यापेक्षा काम चांगले होते.

मात्र एकाची जुळणी दुसऱ्याला चालेलच असे नाही. डेक्सामेथासोनने मधुमेह्याची साखर चढते; काही वेदनाशामके मूत्रपिंडाच्या विकारात वर्ज्य. म्हणून भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका. बस लागते का, मागे भुलेनंतर ओकाऱ्या झाल्या होत्या का, कोणत्या गोळ्या, काढे चालू आहेत, सारे सांगा. तंबाखू, दारूसुद्धा! आणि उपाशी राहण्यास सांगितले असता, ‘घोटभर दुधाने काय होते?’ म्हणून आजीबाईंनी माया दाखवू नये. भुलेत ते दूध उलटून फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते.

सर्जनची ख्याती जरूर विचारा. पण भूलतज्ज्ञाशीही दहा मिनिटे मोकळेपणाने बोला. रोग्याची पुढची रात्र त्यावर सुखाची जाईल.