वाचनयंत्र आणि वाचक

गेल्या दिवाळींत आमचे घरीं एक वाचनयंत्र आलें. आकारानें पाटीहून लहान. पण पोटांत सहस्रावधि पुस्तकें सांठविण्याची शक्ति! पहिल्याच आठवड्यांत आम्हीं अधाशीपणें त्यांत तीनशें पुस्तकें भरलीं. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें तें हातीं घेऊन सहज विचारिलें, "सर, ह्यांतलीं आपण किती वाचलीं?" आम्ही निरुत्तर झालों. त्याच प्रश्नानें आम्हांस हा लेख लिहावयास लाविलें.

मुलाचे हातीं मोबाईल आहेच, मग आणखी एक पडदा कशास, असें पालक विचारितात. शंका रास्त आहे. परंतु दोहोंत भेद आहे. ह्या यंत्राच्या पृष्ठभागाखालीं अतिसूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या योगें हवे ते कण वर येतात व अक्षर उमटतें. उमटलेलें पान तसेंच राखण्यास वीज लागत नाहीं. म्हणून एकदां चार्ज केलेलें यंत्र अनेक दिवस पुरतें. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वैशाखांतील उन्हांतही त्यावरील अक्षर कागदावरच्याप्रमाणें स्पष्ट दिसतें. वाचतां वाचतां मध्येंच कोणाचा निरोप येऊन चित्त विचलित होत नाहीं, हा तर सर्वांत मोठा लाभ होय.

नवशिक्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. पहिली, छापील पानाची जशीच्या तशी पीडीएफ लहान पडद्यावर मुंगीएवढी दिसते. ईपब प्रकारांत मात्र अक्षर मोठें केलें तरी ओळी आपोआप नीट बसतात. दुसरी, आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचे ग्रंथ सर्वांचे होतात. हरि नारायण आपटे (मृत्यु १९१९), साने गुरुजी (मृत्यु १९५०) यांचें साहित्य, तसेंच बाबा पदमनजी यांचें १८५७ सालचें 'यमुनापर्यटन' हें असें सर्वांचें धन आहे. तिसरी, यंत्रावर विकत घेतलेलें पुस्तक पूर्णपणें आपलें असतेंच असें नाहीं. २००९ सालीं अमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतलीं होतीं. पैसे मात्र परत केले. यास्तव जीवास प्रिय असलेलें पुस्तक कागदावरही असावें, असें आमचें मत आहे.

आणखी एक कर्तव्य आहे. यंत्रानें छायाचित्रावरून उतरविलेल्या मराठींत 'घ'चा 'ध' होतो, अनुस्वार गळतात. अशुद्ध प्रतींचें दुःख नवें नव्हे. आमच्याच जिल्ह्यांतील पैठणच्या एकनाथ महाराजांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आज मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुन्या ग्रंथांचीं पानें एकेक करून तपासतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं सुट्टींत एक पान जरी मूळ प्रतीशीं ताडून शुद्ध केलें, तरी ते केवळ वाचक न राहतां ग्रंथाचे राखणदार होतील.

आम्हीं आतां यंत्रांतील पुस्तकें काढून टाकून एकच ठेविलें आहे. तें संपल्यावांचून दुसरें घालावयाचें नाहीं, असा नेम केला आहे. कोठारांत धान्य किती आहे ह्यावरून देह पुष्ट होत नाहीं; पानांत वाढून घेतलेलें चावून खावें लागतें. पुढील वर्षीं तो विद्यार्थी पुन्हा विचारील, तेव्हां आंकडा लहान असला तरी खरा सांगतां यावा, एवढीच आमची इच्छा आहे.