वर्षाचे गाणे कोणी मोजावे?

डिसेंबर उजाडला की गाणी ऐकवणारी मोबाइलवरील ॲप्स प्रत्येक श्रोत्यापुढे त्याच्या वर्षाचा ताळेबंद ठेवतात. वर्षभरात किती मिनिटे गाणी ऐकली, कोणते गाणे सर्वाधिक वेळा वाजले, कोणता गायक पहिला आला, यांची रंगीत चित्रे घरोघरी फिरू लागतात. मुले ती मित्रांना पाठवतात, वडीलधारी मंडळीही कौतुकाने पाहतात. स्पॉटिफाय या कंपनीने २०१६ पासून रूढ केलेली ही प्रथा संगीतप्रेमींच्या वर्षअखेरचा एक विधीच होऊन बसली आहे. सरत्या वर्षाकडे वळून पाहावे, मनात घर केलेली गाणी आठवावीत, नव्याने ऐकलेल्या कलावंतांची नोंद घ्यावी, ही इच्छा सर्वथा स्वागतार्ह आहे. प्रश्न इतकाच की, ही मोजणी खरोखर श्रोत्याच्या आवडीची आहे काय? आणि तीत नव्या कलावंताला स्थान कोठे आहे?

पोस्टकार्डावरची पसंती

आवडत्या गाण्यांची वार्षिक क्रमवारी भारतीय श्रोत्याला नवी नाही. १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. चित्रपटगीतांची जागा मात्र आक्रसली. त्या गीतांचा चाहता साहजिकच रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे बुधवारची रात्र आणि अमीन सयानी यांचा आवाज हे समीकरण देशभर दृढ झाले. वर्षअखेरीस साऱ्या वर्षाची क्रमवारी जाहीर होई. १९५३ च्या यादीत अग्रस्थान मिळाले ते ‘अनारकली’ चित्रपटातील गीताला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्यात जन्मलेले मराठी कलावंत.

ही क्रमवारी ठरत असे ती ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोतासंघांनी कळवलेली पसंती यांच्या आधारे. म्हणजेच आवड नोंदवण्यासाठी श्रोत्याला काही करावे लागे. पदरमोड करून तबकडी घ्यावी लागे, चार जणांत बसून गाण्यावर वाद घालावा लागे, पोस्टकार्ड लिहून ते वेळेत पेटीत टाकावे लागे. या पद्धतीत दोष होतेच. जे खपते ते उत्तमच असते असे नाही, आणि ख्याल, नाट्यपद, अभंग यांना त्या यादीत प्रवेशच नव्हता. तरीही त्यातील प्रत्येक मतामागे कान देऊन ऐकणारा एक जागा माणूस होता.

तीस सेकंदांचा हिशेब

आजच्या यादीमागील गणित निराळे आहे. गाणे तीस सेकंद वाजले की ते ‘ऐकले’ असे धरले जाते. स्वयंपाक करताना, प्रवासात किंवा डोळा लागल्यावर यंत्राने आपणहून पुढचे गाणे लावले, तरी तेही श्रोत्याच्या खात्यावर जमा होते. तीस सेकंदांत ख्यालगायकाचा षड्जही पुरता स्थिरावत नाही. दोन मिनिटांचे चटपटीत गीत आणि अर्ध्या तासाचा विलंबित ख्याल यांची मोजणी सारखीच, प्रत्येकी एक. अर्ध्या तासात दोन मिनिटांचे गीत पंधरा वेळा वाजू शकते. तेव्हा तल्लीन होऊन ख्याल ऐकणाऱ्याच्या यादीतही वर कोण चढणार, हे सांगायला ज्योतिषी नको!

यातून घडणारी हानी केवळ यादीपुरती राहत नाही. २०२४ पासून या कंपनीचा असा नियम आहे की, मागील बारा महिन्यांत जे गाणे एक हजार वेळाही वाजले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन दिले जात नाही. इतकी अल्प रक्कम कलावंताच्या हाती पोहोचतच नाही, असा कंपनीचा युक्तिवाद आहे. व्यवहारात त्यात तथ्य असेलही. परंतु पहिलेच ध्वनिमुद्रण घेऊन उभ्या राहिलेल्या एखाद्या तालुक्याच्या गावच्या गायकाला या नियमाचा अर्थ एकच कळतो : तू अद्याप हिशेबात नाहीस.

नाव विचारणारे श्रोते

नवा कलावंत हिशेबात येतो कसा, याचे उत्तर इतिहासात आहे. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपटाचे गीत गाजू लागले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातील ‘कामिनी’ या पात्राचे नाव तेथे छापलेले होते. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे सुरू केली आणि विशीतील लता मंगेशकर यांचे नाव देशाला कळले. प्रतिभा तिची होती, हे निर्विवाद. पण नाव विचारण्याचे कर्तव्य श्रोत्यांनी बजावले होते.

याच्या नेमके उलट २०२५ मध्ये घडले. ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या वाद्यवृंदाला स्पॉटिफायवर अवघ्या काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक मासिक श्रोते लाभले. त्यातील संगीत आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेले आहेत, अशी कबुली नंतर देण्यात आली. १९४९ मध्ये गायिका होती, नाव नव्हते. आता नाव आहे, गायकच नाही. तेव्हा आवाज कोणाचा, हे श्रोत्यांनी विचारले. आता लाखो जणांना तो प्रश्नही पडला नाही. चिंता करायची ती या निरिच्छतेची.

डिसेंबरातील दुसरी यादी

गंमत अशी की, वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या या यंत्राची मोजणी बहुधा डिसेंबर उजाडण्यापूर्वीच थांबते. महाराष्ट्राचा रसिक ज्या महिन्यात सर्वाधिक मन लावून गाणे ऐकतो, तो महिना त्या यादीत नसतोच. याच महिन्यात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. १९५२ मध्ये सवाई गंधर्वांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, पं. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने या स्वरयज्ञाला प्रारंभ झाला. त्याआधी १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीच्या समारंभात, पंचविशीही न गाठलेल्या भीमसेनजींनी श्रोत्यांची आणि खुद्द गुरूंची दाद मिळवली होती. तरुणपणी मंच मिळण्याचे मोल जाणणाऱ्या या शिष्याने उभारलेल्या उत्सवात दिग्गजांच्या जोडीने नव्या कलावंतांनाही स्थान मिळत आले, हे त्या परंपरेला साजेसेच.

मात्र मंच मिळाला म्हणून श्रोते मिळतात असे नाही. कोणत्याही मोठ्या संगीतसभेत दुपारी पहिल्या सत्रात तरुण गायक तंबोरे जुळवून बसतो, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. मंडप भरतो तो सायंकाळी, नामवंतांसाठी. २०२४ या एकाच वर्षात जानेवारीत उस्ताद राशिद खान आणि डॉ. प्रभा अत्रे, फेब्रुवारीत अमीन सयानी, डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन असे दिग्गज काळाआड गेले. त्यांच्यासाठी हळहळणारे रसिक असंख्य होते. खर्चाची बाजू अशी डोळ्यांत पाणी आणून लिहिली जाते; जमेची बाजू लिहायला दुपारी चार वाजता किती जण हजर असतात?

तंत्रज्ञानाला दोष देऊन ही जबाबदारी टळणार नाही. याच मोबाइलवर आज दुर्मीळ ध्वनिमुद्रणे ऐकता येतात, खेड्यातील विद्यार्थ्याला घराण्याघराण्यांची गायकी घरबसल्या अभ्यासता येते. हा लाभ मोठा आहे. पण यंत्र मोजून दाखवील ते वाजलेले. भावलेले काय, ते श्रोत्यानेच सांगायचे असते.

तेव्हा वर्षअखेरीस प्रत्येक कुटुंबाने एक यादी हाताने लिहावी. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाने एक गाणे सांगावे आणि ते का आवडले, हेही सांगावे. त्याखाली या वर्षी प्रथमच ऐकलेल्या किमान दोन कलावंतांची नावे लिहावीत. ती आठवत नसतील, तर पुढील वर्षाचा संकल्प आपोआप ठरतो. एका तरी सभेचे तिकीट काढून पहिल्या सत्रापासून बसावे. एखाद्या मंगलप्रसंगी होतकरू गायकाची घरगुती बैठक ठेवावी आणि त्याला सन्मानपूर्वक बिदागी द्यावी. ‘तुला संधी दिली’ ही भाषा नको. गणेशोत्सवातील मेळ्यांनी एके काळी अनेकांना पहिला मंच दिला. तेथे ध्वनिवर्धकाच्या भिंतींऐवजी एक संध्याकाळ गावातल्याच गायकाला मिळाली, तर उत्सवाची शोभा उणावणार नाही.

राजाश्रय गेला, तेव्हा समाजाने हे संगीत जगवले. तो समाज म्हणजे सतरंजीवर येऊन बसणारी, पोस्टकार्ड लिहिणारी, गायकाचे नाव आवर्जून विचारणारी माणसे होती. पुढच्या डिसेंबरात मोबाइल आपली यादी दाखवीलच. तिच्या शेजारी ठेवायला घरात लिहिलेला एक कागद असावा आणि त्यावर यंत्राला ठाऊक नसलेले एक तरी नाव असावे.