टेप डिजिटल आहे म्हणून निर्धास्त राहू नका

गौरी-गणपतीत चाकरमानी देवरूखला आले, जाखडीचा फेर रंगला, की कोणीतरी म्हणतंच, "आजोबांचं गाणं टेप केलेलं आहे कुठेतरी." ती साधी कॅसेट असेल तर आपल्याला काळजी वाटते. डॅट किंवा मिनीडिस्क असेल तर 'डिजिटल आहे, काय होतंय' म्हणून आपण ती परत ट्रंकेत टाकतो. खरं तर घाई तिथेच जास्त आहे.

नेमकं काय झालंय?

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनीडिस्क बनवणं थांबवलं. मिनीडिस्कचे प्लेअर २०१३ मध्ये आणि सोनीचे डॅट रेकॉर्डर २००५ मध्येच बंद झाले होते. आता वाजवायचं यंत्र हवं तर ते जुन्या बाजारातच मिळणार, आणि तिथेही दरवर्षी कमीच होत जाणार.

मुळात आकडे टेपवर का गेले?

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाची सेकंदाला हजारो वेळा मापं घ्यायची आणि ती आकड्यांत लिहून ठेवायची. सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. ऐंशीच्या दशकातली ४० एमबीची हार्ड डिस्क चार मिनिटांत भरली असती! एवढे आकडे मावतील अशी परवडणारी जागा होती व्हिडिओ टेप. जपानच्या डेनॉनने १९७२ मध्ये तिच्यावरच डिजिटल रेकॉर्डिंग केलं. १९८१ मध्ये आलेलं सोनीचं पीसीएम-एफ१ घरगुती व्हीसीआरला जोडता यायचं.

सीडीचा ४४,१०० हा विचित्र आकडाही तिथलाच. आपल्याकडच्या पाल व्हिडिओत सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात वापरायच्या २९४ रेषा, रेषेमागे ३ मापं. गुणाकार करून बघा.

१९८७ मध्ये डॅटने हेच फिरत्या हेडचं तंत्र तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये आणलं. १९९१ मध्ये प्रो टूल्स आलं आणि कॉम्प्युटरवर चार ट्रॅक रेकॉर्ड करता येऊ लागले. पुढे डिस्क स्वस्त झाल्या आणि टेप मागे पडली.

गोची कुठे आहे?

साधी कॅसेट खराब झाली की खरखर वाढते, पण माणसाचा आवाज ओळखू येतो. डॅटमध्ये चुका दुरुस्त करणारे जादा आकडे असतात, त्यामुळे थोडं नुकसान कानाला कळतच नाही. मर्यादा ओलांडली की आवाज तुटतो, नाहीतर थेट गप्प. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत बुरशी कधी धरली, हे टेप आपणहून सांगत नाही.

आता काय करायचं?

- बुरशी दिसली तर टेप यंत्रात घालू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.
- डॅट चालत असेल तर तिच्या डिजिटल आउटपुटमधून वेव्ह फाइल करा. एमपी३ नंतर बनवता येईल.
- फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक देवरूखबाहेर, मुंबईतल्या नातेवाइकाकडे.
- गाणाऱ्याचं नाव, वाडी, वर्ष आणि प्रसंग लिहून ठेवा.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि तेच राहून जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या शोधता येतात, कारण ओवीसोबत गाणारी कोण, गाव कुठलं, हेही नोंदवलं होतं. यंत्र एक वेळ मिळेल. आवाज कोणाचा हे सांगणारं माणूस पुढच्या गणपतीला असेलच असं नाही.