ब्रेक आणि ऐपत
पावसाळ्यात झरी जामणीकडच्या शेतांतील काळी माती बैलगाड्यांच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येते. अशा निसरड्यावर जोराने ब्रेक दाबताच मोटारसायकलचे चाक जखडते आणि गाडी घसरते. ‘एबीएस’ यंत्रणा चाक जखडू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते, तोल सावरतो. सुट्या खडीवर तिचा लाभ कमी, हेही खरे.

१ एप्रिल २०१९ पासून ती १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना सक्तीची झाली. लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या स्वस्त यंत्रणेची मुभा मिळाली. म्हणजे रेषा धोक्यावर नव्हे, ऐपतीवर आखली गेली. हप्त्यावर लहान गाडी घेणारा कारकून त्याच रस्त्याने जातो. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर वाचवलेले चार पैसे किती महाग पडतात! हा हिशेब एकट्या ग्राहकावर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही.