जहाजाच्या शिडीपासून गाव किती दूर?

उत्तर युरोपच्या क्रूझच्या माहितीपत्रकात बंदरांच्या यादीत ‘बर्लिन’ हे नाव हमखास असतं. नकाशा उघडला की कळतं, बर्लिनच्या आसपास कुठे समुद्रच नाही. जहाज लागतं ते बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या वार्नेम्युंडे या गावाला, आणि तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. बसने जायला जवळपास तीन तास, परतायला तेवढेच. दिवसभराच्या मुक्कामातले सहा तास महामार्गावर गेले की ब्रांडेनबुर्ग गेटसमोर एक फोटो, जुन्या भिंतीच्या तुकड्यासमोर दुसरा, घाईघाईचं जेवण आणि घड्याळाकडे बघत पुन्हा बस. ‘पॅरिस’ची कथा याहून वेगळी नाही. तिथे जहाज ल आव्रला लागतं आणि पॅरिस दोनशे किलोमीटर आत आहे.

युरोपच्या एका सहलीसाठी कित्येक मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं पैसे साठवतात. अशा प्रवाशाला राजधानीच्या नावावर महामार्ग विकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून क्रूझ निवडताना यादीतलं प्रत्येक नाव एका साध्या प्रश्नावर घासून पाहावं. जहाजाच्या शिडीवरून उतरल्यावर ते गाव पायी किती मिनिटांवर आहे? ज्या बंदराचं उत्तर वीस मिनिटांच्या आत येतं, ते बहुतेक वेळा पाहण्याजोगं निघतं. बिचारं वार्नेम्युंडेही या कसोटीला उतरतं! पांढरीशुभ्र वाळू, १८९८ सालचं दीपगृह, जुन्या कालव्यात रांगेनं बांधलेल्या मासेमारी बोटी आणि लोकलने काही मिनिटांवर असलेलं रोस्टॉक. एक दिवस तिथे छान जातो. पण जहाजातले शेकडो लोक त्या गावाकडे ढुंकूनही न पाहता बसमध्ये चढतात.

उत्तर युरोपात हा प्रश्न विचारणं विशेष फायद्याचं आहे, कारण तिथली कितीतरी शहरं धक्क्याभोवतीच वाढली. मध्ययुगात उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांनी ल्युबेक शहराला केंद्रस्थानी ठेवून हान्सा नावाचा संघ बांधला. मीठ, धान्य, मासे, मेण आणि लोकर यांचा व्यापार काही शतकं या संघाच्या हातात होता. जहाजातून माल उतरवला की तो थेट वखारीत, वखारीच्या वर व्यापाऱ्याचं घर, आणि घरामागे चर्च, अशी ती रचना. आजचा प्रवासी उतरतो तो जवळपास त्याच जागी.

नॉर्वेतलं बर्गन हे त्याचं सगळ्यात जिवंत उदाहरण. स्कोल्टन धक्क्यावरून निघालं की डाव्या हाताला बर्गनहुस किल्ला लागतो. त्यात तेराव्या शतकातला होकन राजाचा दगडी दरबार उभा आहे. तिथून दहाएक मिनिटांत ब्रिगेन येतं. लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या लाकडी घरांची ही रांग १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रस्त्यावरून फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना खरं ब्रिगेन दिसतच नाही. दोन घरांमधल्या फळ्यांच्या बोळात शिरायला हवं. दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींकडे कललेल्या, डोक्यावर माल वर ओढायच्या लाकडी कप्प्या, पायाखाली करकरणाऱ्या फळ्या. १७०२ च्या आगीत सगळं जळालं, तेव्हा लोकांनी जुन्याच पायावर जुन्याच पद्धतीनं पुन्हा बांधलं. पुढे १९४४ साली बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं जहाज फुटलं, त्याच्या धक्क्यातूनही ही रांग वाचली.

इथे सुमारे १३६० पासून जवळपास चारशे वर्षं हान्साची पेढी होती. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांतून सुकवलेला कॉड यायचा आणि त्याच्या बदल्यात बाल्टिकचं धान्य जायचं. हा मासा मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर वाळवतात. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांवर वाळणारे बोंबील पाहिलेल्या कोकणी माणसाला बर्गनची श्रीमंती कशावर उभी राहिली, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पेढीवर राहणारे जर्मन व्यापारी आणि त्यांची शिकाऊ पोरं यांना लग्नाची परवानगी नव्हती. आगीच्या भीतीनं राहत्या घरात चूल किंवा शेकोटी पेटवायलाही बंदी होती. त्या हिवाळ्यात! स्वयंपाक, जेवण आणि शेकणं यासाठी मागच्या बाजूला वेगळ्या बैठकीच्या इमारती होत्या. त्यातल्या काही अजून पाहता येतात.

१९५५ मध्ये ब्रिगेनचा एक भाग पुन्हा जळाला आणि राखेखाली उत्खनन सुरू झालं. त्यात रून या जुन्या नॉर्डिक लिपीतले सहाशेहून जास्त लेख सापडले, त्यातले पुष्कळसे लाकडाच्या काड्यांवर कोरलेले. ते राजाज्ञांचे शिलालेख नव्हते, सामान्य माणसांचे निरोप होते. मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या, प्रार्थना होत्या आणि चावट ओळीही. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या एका काडीवर गीदा नावाच्या बाईनं कुणाला तरी घरी यायला सांगितलंय. काडीच्या दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर कोरलेलं आहे, पण ते नीट लागत नाही. ब्रिगेनच्या संग्रहालयात एक तास काढला तर हा व्यापार केवळ आकड्यांचा राहत नाही, त्याला माणसं मिळतात. बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, तेव्हा छपराखालचा तो तास तसाही लागतोच.

थोडं उत्तरेला असलेल्या ओलेसुंडचं कौतुक त्यामानानं कमी होतं. जानेवारी १९०४ मधल्या एका रात्रीत हे लाकडी गाव जळून गेलं आणि सुमारे दहा हजार लोक उघड्यावर आले, मृत्यू मात्र एकच झाला. पुढच्या तीनेक वर्षांत ते दगड-विटांमध्ये, त्या काळी नव्या असलेल्या वेलबुट्टीदार युगेंड शैलीत उभं राहिलं. एकाच काळातलं, एकाच शैलीतलं संपूर्ण गाव जहाजाच्या शिडीसमोर सुरू होतं. गावालगतच्या टेकडीवर ४१८ पायऱ्या चढून गेलं की समुद्रातल्या बेटांवर पसरलेलं सगळं गाव खाली दिसतं. गायरांगर फ्योर्डची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाहायचं ते जहाजाच्या डेकवरूनच, दोन्ही कड्यांवरचे धबधबे बघत. गाव कायमच्या अडीचशेएक माणसांचं. त्या दिवशी पहाटे उठायचा आळस करू नये.

बाल्टिकमध्ये मात्र गेल्या काही वर्षांत सगळं गणित बदललं. २०२२ पूर्वी तिथल्या क्रूझचं मुख्य आकर्षण सेंट पीटर्सबर्ग होतं. संघटित सहलीतून फिरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना ७२ तासांपर्यंत व्हिसाही लागत नसे. रशियानं युक्रेनवर आक्रमण केल्यावर मोठ्या कंपन्यांनी ते बंदर सोडलं. आता या मार्गावर काय उरलं, असं पुष्कळांना वाटतं. उरलेलं भरपूर आहे, आणि तिथल्या एर्मिताज संग्रहालयाच्या सावलीत इतकी वर्षं ज्यांना अर्धाच दिवस मिळायचा, त्या शहरांकडे आता नीट बघता येतं.

त्यात पहिला मान टॅलिनचा. एस्टोनियाच्या या राजधानीत धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की ‘जाडी मार्गारेट’ नावाचा ठेंगणा, रुंद बुरूज येतो आणि त्याच्या शेजारच्या वेशीतून थेट जुन्या गावात शिरता येतं. तटबंदीचा मोठा भाग आणि वीसहून जास्त बुरूज अजून उभे आहेत. चौकातली नगरसभेची इमारत १४०४ सालची. तिच्यासमोरच्या औषधाच्या दुकानाचा उल्लेख १४२२ च्या कागदपत्रांत मिळतो, आणि ते दुकान त्याच जागी अजून चालू आहे. बुर्खार्ट नावाच्या एकाच घराण्यानं तीनशेहून जास्त वर्षं, दहा पिढ्या ते चालवलं. समोरच्या भागात आजच्या गोळ्या आणि मलमं मिळतात. बाजूच्या खोलीत जुन्या बरण्या मांडल्या आहेत. तिथे जाळलेल्या मधमाशा आणि वटवाघळांची भुकटी एके काळी औषध म्हणून विकली जायची.

टॅलिनला घाई करू नये याचं आणखी एक कारण टेकडीवर आहे. तूम्पिया टेकडीवरच्या उंच हर्मन बुरुजाच्या पायथ्याशी २३ ऑगस्ट १९८९ रोजी एक मानवी साखळी सुरू झाली. ती लाटव्हिया ओलांडून लिथुआनियाच्या व्हिल्नियसपर्यंत, सुमारे सहाशे किलोमीटर पोचली. सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरले होते. दोन वर्षांत तिन्ही देश सोव्हिएत सत्तेतून मुक्त झाले. चिमुकल्या देशांनी बंदूक न उचलता काय मिळवलं, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त उमगतं.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचं विस्बी सहसा ‘वेळ मिळाला तर’ या सदरात टाकलं जातं. ही मोठी चूक आहे. साडेतीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी, आत छप्पर उडालेली मध्ययुगीन चर्च आणि गुलाबांच्या वेली. २०१८ पासून मोठ्या जहाजांना धक्काही आहे. इथल्या संग्रहालयात १९९९ साली एका शेतात सापडलेला व्हायकिंग काळातला ६७ किलो चांदीचा साठा ठेवला आहे. त्यातल्या चौदा हजारांवर नाण्यांपैकी बहुतेक अरबी दिरहम आहेत. स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयातली कांस्य बुद्धमूर्ती तर याहून लांबून आली. सहाव्या शतकाच्या आसपास भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडवलेली ही वीतभरही नसलेली मूर्ती १९५६ मध्ये स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर उत्खननात मिळाली. स्टॉकहोमला जाताना मात्र जहाज कुठे लागणार ते विचारून घ्यावं. शहरात लागलं तर उत्तम. पण मोठी जहाजं कधी कधी न्यूनेसहाम्नला थांबतात, आणि तिथून शहर साठेक किलोमीटर आहे.

मोठ्या जहाजांचा भार ही बंदरं किती सोसणार, हाही प्रश्न आहेच. बर्गननं दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आणि २०२० पासून उभ्या जहाजांना धक्क्यावरून वीज द्यायला सुरुवात केली, म्हणजे इंजिनं बंद ठेवता येतात. ॲमस्टरडॅमनं वर्षाला शंभरच जहाजं घ्यायचं ठरवलं. गायरांगरसारख्या वारसा फ्योर्डांत छोट्या प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून धूरमुक्त येण्याची अट आहे. यामुळे तिकिटं महागतील अशी कुरकुर ऐकू येते. पण गावाच्या लोकसंख्येच्या कैकपट माणसं एका सकाळी उतरली, तर गावकऱ्याला रस्ता मिळत नाही आणि पाहुण्यालाही गाव दिसत नाही. या मर्यादांचं स्वागतच करायला हवं. आणि दुपारचं जेवण जहाजावर फुकट असलं, तरी ते गावातल्या खानावळीत घ्यावं.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचं कर्कवॉल आणि फॅरो बेटांवरचं टोर्सहाव्न ही दोन बंदरंही यादीत असावीत. ऑर्कनीत १८५० च्या वादळानं वाळू उडवली आणि पाच हजार वर्षांपूर्वीची घरं दगडी पलंग-फडताळांसकट उघडी पडली. त्या वस्तीचं नाव स्कारा ब्रे. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी मात्र इथे सावध राहावं. ऑर्कनीला उतरायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. फॅरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली, तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत, तेव्हा व्हिसावर त्यांचा स्पष्ट उल्लेख हवा. दोन्हींकडून परतताना शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा. हे अर्ज भरतानाच एजंटकडून लिहून घ्यावं.

यातल्या अनेक सफरी कोपनहेगनहून सुटतात, आणि मराठी प्रवाशानं तिथे एक दिवस आधी पोचायला हवं. क्रिश्चियनहाव्न भागात पाण्याकाठी डॅनिश एशियाटिक कंपनीची अठराव्या शतकातली वखार उभी आहे. तो परिसर आज परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. डॅनिश व्यापाऱ्यांचं भारतातलं मुख्य ठाणं होतं तंजावरजवळचं तरंगमबाडी. १६२० मध्ये ती जागा तंजावरच्या नायक राजानं दिली, आणि पुढे त्या शतकात तंजावरची गादी भोसल्यांकडे आली. ज्या श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं याच भोसले घराण्यातल्या सरफोजी राजांना शिकवलं, तो १७५० मध्ये याच डॅनिश ठाण्यावर उतरला होता. सरफोजींनी त्याच्यासाठी उभारलेलं संगमरवरी स्मारक तंजावरला आहे. १८४५ मध्ये डेन्मार्कनं तरंगमबाडी इंग्रजांना विकलं. कोपनहेगनच्या विमानतळावरून क्रिश्चियनहाव्नला थेट मेट्रो जाते. जहाज सुटायच्या आदल्या दुपारी एवढी फेरी सहज होते.