ती ट्यूब घेऊन दवाखान्यात चला

दिवाळी झाली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. बोचक्यात तांदूळ असतो, तवा असतो, आणि खाजेच्या मलमाची अर्धी पिळलेली एखादी ट्यूबही असते. मायबहिणींनो, निघायच्या आधी तेवढी ट्यूब बाहेर काढा.

दुकानातून नुसतं 'खाजेचं मलम द्या' म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा कडक स्टेरॉइड असतं. डॉक्टर इसबावर तेच मोजून देतात, तेव्हा ते औषध. नायट्यावर चोळलं तर खाज चार दिवस निवते आणि बुरशी खुशाल पसरते. तोंडाला महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानदार देईलही. तुम्ही मागू नका.

आधी खाज ओळखा. घरातले तिघे-चौघे रात्री खाजवतात, बोटांच्या बेचक्यात पुळ्या आहेत? बहुतेक खरूज. तिचं औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती घरातच फिरत राहते. गोल, कडेने वाढणारा चट्टा बहुधा नायट्याचा. आणि एकाच लेकराचे कोपराचे, गुडघ्यामागचे खळगे कोरडे, खरखरीत होऊन झिरपत असतील, घरात कुणाला दमा असेल, तर इसबाचा संशय घ्या. अशा लेकराच्या कातडीत ओल टिकत नाही. इसब कुणाला लागत नाही. त्याचं ताट वेगळं काढू नका. आणि गुरुजी, आश्रमशाळेत त्याला बाजूला बसवू नका.

काही इसब कामातून येतं. ओलं सिमेंट कालवणारे हात, फुग्यांच्या कारखान्यात रबर हाताळणारे हात, बर्फातली मासळी निवडणारे हात, गाजरगवत उपटणारे हात. काम सोडा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण मुकादमाकडे हातमोजे मागा. सुटी झाली की साध्या पाण्याने हात धुवा, पुसा, लगेच खोबरेल चोपडा. बिब्बा मात्र लावूच नका. त्याच्या तेलाने फोड उठतात, इसबावर भाजल्यासारखी जखम होते.

लेकराला कोमट पाण्याने झटपट आंघोळ घाला. घासू नका. साबण कमी लावा. अंग ओलसर आहे तोवर खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, दिवसातून दोनदा, खाज नसली तरी. नखं कापा. डॉक्टरांनी दिलेलं मलम मनाने थांबवू नका, मनाने वाढवूही नका. भगताकडे जायचं तर जा, पण दवाखाना आधी.

चट्ट्यातून पू आला, ताप चढला, दुखरे फोड भराभर पसरले, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी निघा! डहाणूला आणि कासाला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. एक दिवसाची मजुरी बुडेल, ठाऊक आहे. पण रात्रभर खाजवणारं पोर झोपत नाही, त्याची आईही झोपत नाही, आणि सकाळी दोघांनाही भट्टीवर उभं राहायचं असतं.

म्हणून भट्टीची गाडी यायच्या आधी जा. वाट ठाऊक नसेल तर पाड्यावरच्या आशाताईंना विचारा. ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी. तिच्यावरचं नाव डॉक्टरांना वाचू द्या.